‘नीट’चे गुण तेच, रुग्ण मात्र मुके

लातूर : लातूर आणि नांदेडच्या शिकवणी वर्गांतून ‘नीट’ची तयारी करणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांचे लक्ष एमबीबीएसवर असते. याच परीक्षेच्या गुणांवर पशुवैद्यकाची पदवीही मिळवता येते, हे अनेकांच्या ध्यानात नसते.

त्यासाठी नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडे स्वतंत्र अर्ज करावा लागतो. या विद्यापीठाचे एक महाविद्यालय लातूर जिल्ह्यातच, उदगीर येथे आहे. आंतरवासितेसह हा अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा असतो. पदवीनंतर लोकसेवा आयोगामार्फत पशुधन विकास अधिकारी होता येते. दुग्धव्यवसाय, कुक्कुटपालन, लसनिर्मिती व संशोधन हीदेखील क्षेत्रे खुली असतात.

कंधार तालुक्याच्या नावाचा लाल कंधारी आणि देवणीच्या नावाचा देवणी हे गोवंश याच दोन जिल्ह्यांचे. त्यांची शुद्धता टिकवायची तर वळूंची पारख आणि पैदाशीच्या नोंदी जाणणारे तज्ज्ञ हवेत.

इच्छुकांनी अर्जापूर्वी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात परवानगी घेऊन एक दिवस घालवावा, तेथील डॉक्टरांना प्रश्न विचारावेत. जनावर दुखणे सांगत नाही. ते स्पर्शाने व निरीक्षणाने ओळखावे लागते. ते आपल्याला जमेल का, याचा अंदाज तेथेच येतो.