फ्रिजमधला वास: आधी मूळ, मग सोडा

फ्रिजमध्ये वास येऊ लागला की घरोघरी पहिला उपाय ठरलेला असतो: वाटीभर खायचा सोडा किंवा अर्धं लिंबू आत ठेवून द्यायचं. अमेरिकेत सोड्याचा डबा फ्रिजमध्ये पोचला तो आर्म अँड हॅमर या सोड्याच्या ब्रँडने १९७२ मध्ये केलेल्या जाहिरातींमुळे. हा उपाय अगदीच खोटा नाही. पण तो शेवटी करायचा असतो आणि आपण त्यानेच सुरुवात करतो. वासाचं मूळ आत तसंच राहिलं, तर सोडा फार काही करू शकत नाही.

वास म्हणजे पदार्थातून सुटून हवेत मिसळलेले रेणू. थंडीमुळे जिवाणूंची वाढ मंदावते, पण थांबत नाही. त्यामुळे विसरलेली कोथिंबिरीची जुडी फ्रिजमध्येही कुजते आणि झाकण न लावलेलं डोशाचं पीठ तिथेही आंबत राहतं. बऱ्याच फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये पंखा तीच हवा खालच्या कप्प्यांतून फ्रीझरपर्यंत फिरवतो, म्हणून खाली उघड्या ठेवलेल्या मासळीचा वास वरच्या बर्फालाही लागतो. लोणी आणि सायीसारखे स्निग्ध पदार्थ वास पटकन ओढून घेतात. आतल्या प्लास्टिकमध्ये आणि दाराच्या रबरातही तो मुरतो.

शिवाय सगळे वास एका जातीचे नसतात. नासलेल्या दुधाचा वास मुख्यतः आम्लांचा, त्यामुळे तिथे सोडा लागू पडतो. मासळीचा वास ट्रायमिथाइलअमाइनसारख्या अल्कधर्मी द्रव्यांचा. त्यावर लिंबू किंवा व्हिनेगर सरस. लसूण, कांदा, कोबी यांच्या वासात गंधकाची संयुगं असतात आणि त्यांच्यासाठी सक्रिय कोळसा अधिक उपयोगी, कारण त्याच्या एका ग्रॅममधल्या सूक्ष्म छिद्रांचं पृष्ठफळ शेकडो चौरस मीटर भरतं. शेगडीतल्या कोळशात तेवढी ताकद नसते. कोणताही उपाय करताना द्रव्याचा वासाशी प्रत्यक्ष संपर्क यावा लागतो. वाटीतल्या सोड्याचा फक्त वरचा थर हवेला लागतो. तोच सोडा लिटरभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे घालून त्याने कप्पे पुसले, तर तो थेट डागापर्यंत पोचतो.

मूळ बहुधा नजरेआड असतं. भाजीच्या ट्रेखाली दुधाचा ओघळ सुकून चिकटलेला असतो, दाराच्या रबराच्या घड्यांत काळी बुरशी धरलेली असते. अनेक फ्रिजमध्ये मागच्या भिंतीच्या तळाशी पाणी वाहून जायला बारीक भोक असतं. त्यात कोथिंबिरीचं पान अडकलं की पाणी तुंबून कुबट वास येतो. ते पाणी मागे कॉम्प्रेसरजवळच्या ट्रेमध्ये उतरतं आणि हा ट्रे वर्षानुवर्षं कुणी पाहतही नाही. प्लग काढून या जागा धुवाव्यात, कोरड्या कराव्यात आणि दार थोडा वेळ उघडं ठेवावं. काचेचे कप्पे गार असताना त्यांवर गरम पाणी ओतू नये, तडा जाऊ शकतो.

एवढा वेळ कुणाकडे आहे, हा आक्षेप रास्त आहे. पण खरा वेळ वाचतो तो घट्ट झाकणाच्या डब्यांमुळे आणि सांडलेलं लगेच पुसल्यामुळे. वास मुरल्यावर मात्र अख्खा फ्रिज रिकामा करावा लागतो. दुसरा आक्षेप असा, की वाटीने वास जातो ना, मग झालं. पण आत काहीतरी बिघडलंय, हे वासामुळेच कळतं. तो नुसता दाबला, तर बिघडलेला पदार्थ आतच राहतो. उलट वास नाही म्हणून अन्न सुरक्षित, असंही नाही. लिस्टेरियासारखे जिवाणू फ्रिजच्या थंडीतही वाढतात आणि वासावरून त्यांचा पत्ता लागत नाही. म्हणून तापमान ५ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली ठेवावं, शिळं वेळेत संपवावं किंवा टाकावं. एवढं केल्यावर सोड्याची वाटी जरूर ठेवावी. उरलासुरला वास काढण्याइतकी ती नक्कीच कामाची आहे.