परदेशी शाळेची ऑर्डर आली, मग व्हिसा अडला कुठे?

हिंगोली, कळमनुरी, वसमतकडच्या बी.एड्. झालेल्या मुलामुलींना आखातातल्या भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा किंवा इंग्लंडमधल्या माध्यमिक शाळा आता अगदीच परक्या वाटत नाहीत. मुलाखत मोबाइलवर होते, ऑर्डर ईमेलवर येते, घरी पेढे वाटले जातात. मग महिना-दोन महिने काहीच हलत नाही आणि जो तो सल्ला देऊ लागतो. त्यातले बरेचसे सल्ले चुकीचे असतात.

“ऑर्डर हातात आहे, म्हणजे व्हिसा आलाच.”

ऑर्डर शाळा देते, व्हिसा त्या देशाचं सरकार देतं. ब्रिटनचंच घ्या. तिथल्या शाळेकडे परदेशी माणूस नेमण्याचा परवाना असावा लागतो. शाळेने दिलेल्या प्रायोजकत्व प्रमाणपत्राचा क्रमांक मिळाला की तीन महिन्यांच्या आत व्हिसासाठी अर्ज करावा लागतो. भारतातून जाणाऱ्यांना क्षयरोगाची तपासणी लागते आणि शिक्षकांना पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्रही. ‘तीन आठवड्यांत निर्णय’ असं जे सांगितलं जातं, ते बोटांचे ठसे आणि कागद दिल्यानंतरचे तीन आठवडे. मुलाखतीच्या दिवसापासून दिवस मोजायला बसलं तर उशीर झाल्यासारखा वाटणारच.

“सगळा वेळ वकिलातीतच जातो.”

हा सगळ्यात मोठा गैरसमज. बहुतेकदा उशीर आपल्याच फाइलमध्ये दडलेला असतो.

हिंगोली जिल्ह्यातल्या उमेदवाराचे कागद किती गावांत विखुरलेले असतात ते पाहा. दहावी-बारावीचं बोर्ड छत्रपती संभाजीनगरचं. पदवी आणि बी.एड्. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचं. हे विद्यापीठ 1994 सालचं, त्यामुळे त्याआधीची पदवी असेल तर पडताळणीला पुन्हा संभाजीनगरच्या विद्यापीठात. राज्य सरकारचं साक्षांकन मुंबईत. त्यानंतर परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, तोही थेट खिडकीवर मिळत नाही. 2012 पासून मंत्रालय असे कागद नेमलेल्या संस्थांमार्फतच घेतं. त्यात अनेकांनी पदवीदान समारंभाचा अर्जच कधी भरलेला नसतो. प्रोव्हिजनल प्रमाणपत्रावर इथली नोकरी निभावून गेलेली असते, परदेशी शाळा मात्र मूळ पदवी मागते.

त्याहून मोठी पंचाईत नावाची. समजा, गुणपत्रकावर ‘जाधव सुनीता रामराव’ आहे, बी.एड्.च्या पदवीवर ‘शिंदे सुनीता प्रकाश’ आणि पासपोर्टवर मधलं नावच नाही. आपल्याला ही एकच बाई आहे हे दिसतं. आपल्याकडची आडनाव आधी लिहिण्याची रीत आणि लग्नानंतर बदललेलं नाव परक्या देशातल्या तपासनिसाने समजून घ्यावं, ही अपेक्षा फोल आहे. त्याच्यासाठी ही तीन माणसं. दाखल्यावर वसमत आणि पासपोर्टवर बसमत असेल, तरी एक प्रश्न वाढतोच. विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र, गरज पडल्यास राजपत्रातली नावबदलाची नोंद, आणि मग पासपोर्टची दुरुस्ती हे काम मुलाखतीच्याही आधी उरकायचं. ऑर्डर आल्यावर सुरू केलं तर सगळं गणित तिथेच कोलमडतं.

“अपॉस्टिल मारलं की कागद जगात कुठेही चालतो.”

अपॉस्टिल म्हणजे करारातल्या देशांनी एकमेकांचे कागद मानण्यासाठीचा शिक्का. भारत 2005 पासून या करारात आहे. ओमान आणि बहारीनही त्यात आहेत, सौदी अरेबिया डिसेंबर 2022 मध्ये आला. संयुक्त अरब अमिराती आणि कतार मात्र त्यात नाहीत. दुबईच्या शाळेत जायचं असेल तर परराष्ट्र मंत्रालयानंतर अमिरातीच्या वकिलातीचं साक्षांकन वेगळं करावं लागतं. चुकीचा शिक्का घेऊन बसलेल्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

“सध्या व्हिजिटवर जा, तिथे गेल्यावर बदलून घेऊ.”

हा सल्ला देणारा स्वतः कधी अडकत नाही. आखातात शाळेने कामाचा परवाना काढल्यावर देशात राहूनच व्हिसाचा प्रकार बदलता येतो, हे काही ठिकाणी खरं आहे. पण तोवर वर्गात उभं राहून शिकवणं बेकायदा आहे. ‘आठवडाभर असेच तास घ्या’ म्हणणाऱ्या शाळेला लेखी विचारा. उत्तर टाळलं गेलं, तर ती शाळाच टाळा.

“उशीर झाला म्हणजे नकारच.”

नाही. अमेरिकेच्या वकिलातीत 221(जी) चा कागद मिळाला की लोक हाय खातात. नोंदीत तो नकारच दिसतो, पण बहुतेकदा आणखी कागद किंवा चौकशी बाकी असल्याचा तो निरोप असतो. फाइल बंद झालेली नसते.

“एजंटाला थोडे जास्त दिले की काम लवकर होतं.”

वकिलातीतली फाइल एजंटाच्या सांगण्यावरून पुढे सरकत नाही. ब्रिटनमध्ये पाच कामाच्या दिवसांत निर्णय देणारी जलद सेवा आहे, पण तिचे पैसे अर्ज करतानाच अधिकृतपणे भरायचे असतात. भारतात नोंदणीकृत भरती एजंटाला उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि त्यावर जीएसटी घेता येतो. कुणी लाखाची भाषा करत असेल तर आधी पावती मागा आणि त्याचा नोंदणी क्रमांक सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासा. ‘तुम्हाला कामासाठी देशाबाहेर जाण्याची सरकारी (एमिग्रेशन) परवानगी काढून देतो’ म्हणून वेगळे पैसे मागितले, तर तेही देऊ नका. दहावी उत्तीर्ण माणसाच्या पासपोर्टला ती अट लागत नाही, पदवीधराला तर नाहीच.

“राजीनामा देऊन मोकळं व्हावं.”

जिल्हा परिषदेच्या शिक्षकाने तर असं मुळीच करू नये. 2020 चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळवणाऱ्या रणजितसिंह डिसले यांचं फुलब्राइट शिष्यवृत्तीसाठीच्या अडलेल्या रजेचं प्रकरण आठवा. जानेवारी 2022 मध्ये तेव्हाच्या शिक्षणमंत्र्यांना त्यात लक्ष घालावं लागलं. रजा आणि ना हरकत प्रमाणपत्र ही कामं व्हिसाइतकाच वेळ खातात. व्हिसाचा आणि रजेचा अर्ज एकाच वेळी सुरू करा. व्हिसा लांबला तर शाळेला ईमेल करून रुजू होण्याची नवी तारीख लेखी मागून घ्या. आखातातल्या बऱ्याच भारतीय शाळांचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, त्यामुळे फेब्रुवारीत ऑर्डर मिळालेल्याने हा पत्रव्यवहार मार्चअखेरपर्यंत लांबवू नये. व्हिसा हाती येईपर्यंत तिकीट काढू नका, राजीनामा देऊ नका आणि मूळ पदवी कुणा एजंटाकडे सोडून येऊ नका.