गोव्याची गावकरी आणि खाजणशेती

गोव्यात ज्या ग्रामसंस्थेला गावकरी म्हणत आणि पोर्तुगीज अमदानीत जिला कोमुनिदाद ही संज्ञा मिळाली, तिच्या रूढी इतक्या दृढमूल होत्या, की १५२६ साली आफोंसो मेशिया या अधिकाऱ्याने तिसवाडीतील वहिवाट सनदेच्या रूपाने लेखी नमूद करून तिला मान्यता दिली. जमीन कोणा एकाच्या मालकीची नसून समस्त गावाची असे. शेते ठरावीक मुदतीने पावणी, म्हणजे लिलाव, करून कसणाऱ्यांस खंडाने दिली जात, आणि त्या उत्पन्नातून सरकारदेणे, देवस्थानाचा व बांधबंदिस्तीचा खर्च वजा जाता जे उरे, ते गावकरांत, म्हणजे संस्थेच्या सदस्यांत, जोण म्हणून वाटले जाई.

या व्यवस्थेचे खरे सामर्थ्य खाजणांत, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतांत, दिसते. भरतीच्या खाऱ्या पाण्याला चिखलमातीचे बांध अडवतात. बांधातील मानशीची, म्हणजे जलद्वाराची, लाकडी दारे भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात व ओहोटीला उघडून आतील पाणी बाहेर सोडतात. पावसाने मिठाचा अंश धुऊन निघाला, की खारेपणा सोसणारे कोरगुट भात तेथे पिकते. एका ठिकाणी बांध फुटला, तरी सर्वांचीच शेते खारावतात. म्हणून त्याची निगा सामुदायिक असणे अपरिहार्य होते.

जोणाच्या वाटणीत मात्र स्त्रिया व गावकरेतर लोक यांना बहुधा स्थान नव्हते, आणि १९६४ च्या कूळकायद्याने कुळांना दिलेले संरक्षण न्याय्यच होते. तथापि जमिनीचा हक्क गावाकडून व्यक्तीकडे जाताना बांधाचे सामुदायिक दायित्वही तितक्याच निष्ठेने पुढे चालवणे अगत्याचे आहे.