परदेशी अभ्यासदौरा आणि आपली मुले

विद्यापीठांतून आणि मोठ्या महाविद्यालयांतून ‘परदेशी अभ्यासदौरा’ नावाचा प्रकार आता रुळू लागला आहे. पदवीसाठी दोन-तीन वर्षे परदेशी जाणे वेगळे. येथे आपलाच प्राध्यापक आपलीच बारा-पंधरा मुले घेऊन दोन-तीन आठवड्यांसाठी बाहेर जातो, तेथे आपलाच विषय शिकवतो, आणि परत आल्यावर त्याचे श्रेयांक मुलांच्या गुणपत्रिकेत जमा होतात. अमेरिकेत हा प्रकार जुना आहे. आपल्या चळवळीच्या अभ्यासक एलिनॉर झेलियट या कार्लटन कॉलेजात शिकवीत असताना तिकडच्या महाविद्यालयांच्या संयुक्त कार्यक्रमातून मुले घेऊन पुण्याला येत. ती मुले येण्याआधी तिकडेच मराठी शिकू लागत. उलट्या दिशेने आपण जाऊ लागलो, तेव्हा त्यांचे विमान तेवढे उचलले. तयारी उचलली नाही.

लंडनच्या अशा तीन दौऱ्यांत मी होतो. पहिल्यात दुय्यम शिक्षक म्हणून, पुढच्या दोहोंचे नियोजन माझ्याकडे होते. पहिल्या दौऱ्यात चौदा मुले होती आणि त्यांत आपले एकही नव्हते. महाविद्यालयाचे नाव सांगत नाही, कारण ही गोष्ट एका महाविद्यालयाची नाही. मी विभागप्रमुखांना विचारले, तेव्हा ते अगदी निर्मळपणे म्हणाले, “आम्ही कोणाला अडवलं का? त्यांनी अर्जच केला नाही.”

ते खरे बोलत होते. सूचना फलकावर गुरुवारी लागली. दहा दिवसांत पन्नास हजार रुपये अनामत भरायची होती. पासपोर्ट असणे आवश्यक होते. ज्याच्या घरात पासपोर्ट आधीच कपाटात आहे आणि ज्याचा बाप फोनवरून पैसे पाठवू शकतो, त्यालाच ती सूचना उद्देशून होती. तिच्यात जातीचा उल्लेख कोठेही नव्हता, आणि तशी गरजही नव्हती. निवड मुलाखतीत होते असे आपण समजतो. ती सूचनेच्या तारखेतच झालेली असते.

बाबासाहेबांचे परदेशगमन आपण सारे अभिमानाने सांगतो, पण त्यातला हिशोब क्वचित पाहतो. १९१३ साली बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती मिळाली ती दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी, आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याच्या करारावर. १९१७ साली मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. पुढे सिडनहॅम कॉलेजच्या पगारातली बचत, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले कर्ज, एवढ्यावर ते १९२० साली पुन्हा गेले. त्या तीन वर्षांच्या खंडाचे कारण बुद्धीत नव्हते, मुदतीत होते. म्हणून नियोजनाचा पहिला नियम मी असा करतो की, शेवटच्या दिवसापर्यंतचा सगळा पैसा हाती आल्याशिवाय एकाही मुलाला ‘तू येतोस’ असे सांगायचे नाही.

आता हा पैसा आणायचा कोठून? केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून आहे. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची आहे. दोन्ही पदव्युत्तर पदवी आणि पीएच. डी. साठी आहेत. (केंद्राच्या योजनेत २०२२ च्या नियमावलीने भारताची संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचे सामाजिक अभ्यास हे विषय वगळले. म्हणजे आपल्या मुलाने त्या पैशावर परदेशी जाऊन वाटेल ते शिकावे, जातीचा अभ्यास तेवढा करू नये. त्यावर स्वतंत्र लेख लिहायला हवा.) तीन आठवड्यांच्या दौऱ्याला यांतली कोणतीच योजना लागू पडत नाही. श्रेयांक विद्यापीठाचे, अभ्यासक्रम विद्यापीठाचा, पैसा मात्र बापाचा! मागासवर्गीय कर्मचारी संघटना, माजी विद्यार्थी आणि विद्यापीठाचा विद्यार्थी कल्याण निधी, या तीन ठिकाणांहून आम्ही सहा मुलांचा पूर्ण खर्च उभा केला. त्यासाठी वर्ष लागले. एका देणगीदाराला विमानतळावर मुलांसह फोटो हवा होता. त्याला मी नाही म्हटले आणि त्याचे पैसेही गेले. बरोबर केले की चूक, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही.

पासपोर्ट हे सर्वात मोठे काम, आणि त्याकडेच शिक्षकांचे लक्ष नसते. दौऱ्यासाठी निवड झालेल्यांचे पासपोर्ट काढायचे नसतात. पहिल्या वर्षाला प्रवेश घेतलेल्या सगळ्यांचे काढायचे असतात. दीड हजार रुपये फी आहे, ती जमते. अडते ते कागदावर. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरे, आईचे नाव तिसऱ्याच तऱ्हेने लिहिलेले. गावच्या मास्तराने तीस वर्षांपूर्वी आपल्या लोकांची नावे जशी कानावर पडली तशी, किंवा जशी मनात आली तशी लिहिली. ती नीट करायला प्रतिज्ञापत्र आणि राजपत्र लागते, त्यात महिने जातात. मग पोलीस पडताळणी. माझ्या एका विद्यार्थिनीचे आईवडील ऊसतोडीला गेलेले. पोलीस गावी आला तेव्हा घराला कुलूप! शेजाऱ्याने सांगितले, येथे कोणी राहत नाही. हंगाम संपून माणसे परतेपर्यंत उन्हाळा आला. तेव्हापासून आमच्या वेळापत्रकात साखर कारखान्यांचा हंगामही लिहिलेला असतो. म्हणून मी दौऱ्याआधी अठरा महिने धरतो. कोणी म्हणेल फार झाले. ज्याच्या घरी कुलूप नसते त्याला ते फार वाटणारच.

व्हिसाच्या बाबतीत मी स्वतः चूक केली, ती सांगितली पाहिजे. दुसऱ्या दौऱ्यात एका मुलाच्या वडिलांच्या खात्यात जेमतेम अकरा हजार रुपये होते. संस्थेचे हमीपत्र होतेच, पण मला वाटले खाते भरलेले दिसावे. मुलाच्या मामाने अर्जाच्या आठवड्यात त्यात दोन लाख टाकले. मीच टाकायला सांगितले होते. व्हिसा नाकारला गेला. एवढी रक्कम अचानक आली कोठून, याचा खुलासा कागदांत नव्हता. खाते तपासणारा माणूस शिल्लक पाहतो त्याहून अधिक खात्याची चाल पाहतो. मजुराच्या खात्यात मजुरीची ये-जा दिसली तर ते खरे खाते आहे; त्यात एकाएकी दोन लाख दिसले की ते उसने खाते होते. अकरा हजारांचे खाते तसेच ठेवून, सर्व खर्च संस्था करणार आहे असे रकमेनिशी, तारखांनिशी आणि निधी कोठून आला त्याच्या पुराव्यानिशी लिहिले असते, तर निदान जे होते ते खरे तरी दिसले असते. शंभर पौंडांहून अधिक असलेली फी अर्ज नाकारला तरी परत मिळत नाही. ती आम्ही भरली. पण त्या मुलाने गावात सगळ्यांना सांगितले होते. तो पुढे आठवडाभर वर्गात आला नाही. आला तेव्हा मला म्हणाला, “सर, तुम्ही तरी गरिबी लपवायला नको होती.” यावर मला उत्तर सुचले नाही.

तेथे पोचल्यावरचा प्रश्न जेवणाचा. पहिल्या दौऱ्यात पद्धत अशी होती की, आधी खर्च करा, पावती ठेवा, परत आल्यावर पैसे घ्या. ही पद्धत खिशात पैसे असणाऱ्यांची आहे. पुढच्या दौऱ्यात पहिल्याच दुपारी सारे हॉटेलात शिरले आणि आमचा एक मुलगा “मला भूक नाही सर” म्हणून बाहेर उभा राहिला. त्या संध्याकाळपासून जेवण सामाईक केले. स्वयंपाकघर असलेले वसतिगृह घ्यावे, पाळीने रांधावे, आणि प्रत्येकाच्या हाती पहिल्याच दिवशी सारखी रक्कम रोख द्यावी. कोट, बूट आणि बॅग हेही खर्चाच्या तक्त्यात धरावे. देणगीच्या जुन्या कपड्यांवर भागवू नये.

सामाईक स्वयंपाक म्हटला की भांडण येतेच. “सोयीसाठी सगळंच शाकाहारी ठेवू या,” ही सूचना फार गोड आवाजात येते. सोय कोणाची, हे त्यात सांगितलेले नसते. खोल्या वाटताना आडनावे पाहून कुजबुज होते, ती लंडनमध्येही होते. म्हणून निघण्यापूर्वीच्या बैठकीत, पालकांसमक्ष, दोन गोष्टी वाचून दाखवाव्यात : खोल्या चिठ्ठ्या टाकून वाटल्या जातील, आणि चूल एकच राहील. ज्यांना मान्य नसेल त्यांनी तेव्हाच सांगावे. आमच्या येथे एका पालकाने नाव काढून घेतले. दौरा त्यामुळे अडला नाही.

आता पाहायचे काय? प्रवासी कंपनीने दिलेला कार्यक्रम मी जपून ठेवला आहे. मेणाचे पुतळे, मोठा पाळणा, ऑक्सफर्डला अर्धा दिवस, खरेदीला एक दिवस. यात अभ्यास शोधून सापडत नाही. आम्ही किंग हेन्रीज रोडवरच्या १० क्रमांकाच्या घरी गेलो. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब तेथे राहत. मुलांनी वंदन केले, काहींचे डोळे भरून आले, आणि ते तसे होणारच. पण अभ्यास त्यानंतर सुरू होतो. हे घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले. त्याचे संग्रहालय करण्यास तेथल्या कॅम्डेन कौन्सिलने २०१८ साली नकार दिला, अपील झाले, चौकशी झाली, आणि २०२० साली मान्यता मिळाली. रस्त्यावरच्या रहिवाशांची तक्रार काय होती, कायदा काय म्हणत होता, अपिलात कोणते मुद्दे मांडले गेले, हे मुलांनी आधी वाचून आणले होते. घरासमोर उभे राहून त्यांनी दोन्ही बाजू मांडल्या. मग ब्रिटनच्या समता कायद्यात जात आणण्याचा इतिहास. २०१० च्या कायद्याने सरकारला तसा अधिकार दिला, २०१३ साली संसदेने त्याचे कर्तव्य केले, आणि २०१८ साली सरकारने जाहीर केले की न्यायालयांच्या निर्णयांवर भागेल, वेगळी तरतूद नको. हे कोणाच्या दडपणाने, कोणाच्या विरोधात, असा प्रश्न एका मुलीने लावून धरला. तिचा निबंध दौऱ्यातला सर्वात चांगला निबंध ठरला.

वुल्व्हरहॅम्प्टनला पंजाबातून गेलेल्या आपल्या बौद्ध आणि रविदासिया लोकांची वस्ती आहे. पन्नास-साठच्या दशकांत ही माणसे त्या भागातल्या ओतकाम कारखान्यांत राबायला गेली. तेथील वडीलधाऱ्यांशी बोलताना एक गंमत झाली. दौऱ्यातली इंग्रजी शाळांतली मुले, जी ब्रिटिश लायब्ररीत सर्वांच्या पुढे होती, ती येथे गप्प बसली. आजोबा पंजाबी-हिंदी मिसळून बोलत होते, आणि नांदेडकडचा आमचा एक मुलगा, ज्याने दहा दिवस तोंड उघडले नव्हते, तो त्यांच्या शेजारी बसून दोन तास प्रश्न विचारत होता. कारखान्यातल्या पंजाबी मित्रांत जात कळल्यावर काय झाले, हे त्यानेच विचारले. पुढे टिपणे त्याने सांगितली आणि इतरांनी लिहून घेतली. ब्रिटिश लायब्ररीत भारत कार्यालयाची दप्तरे आहेत. तेथे पुरेसे दिवस ठेवावेतच. पण सगळा दौरा इंग्रजी येणाऱ्यांचा होईल असा कार्यक्रम आखू नये. पूर्वतयारीच्या तासांत मुलाखत कशी घ्यावी, परवानगी कशी मागावी, कोणते नाव लिहू नये, हे मराठीतच शिकवावे.

परतल्यावर आम्ही एक कागद सूचना फलकावर लावतो. किती जणांनी अर्ज केला, त्यांत अनुसूचित जाती, जमाती, भटके-विमुक्त किती, मुली किती, किती निवडले गेले, प्रत्येकामागे खर्च किती आणि तो कोणी दिला, किती व्हिसा नाकारले गेले. दुसऱ्या दौऱ्याच्या कागदावर शेवटच्या रकान्यात ‘एक’ लिहिले आहे, आणि कारणाच्या जागी ‘नियोजन करणाऱ्या शिक्षकाची चूक’ असे आहे. इतर महाविद्यालयांच्या शिक्षकांकडे मी असा कागद मागतो आहे. आजवर दोनच आले. पुढच्या दौऱ्याची सूचना आम्ही जुलैत लावणार आहोत. तिच्यावर अनामत रकमेचा रकाना नाही, आणि पासपोर्टच्या शिबिराची तारीख सर्वात वर आहे.