पडक्या वाड्याचे छायाचित्र

ज्या घरात माणसे राहत नाहीत त्या घरात कोणीतरी राहतेच, अशी आपल्या गावांची समजूत आहे. वारस मुंबईस गेले, भाऊबंदकीचा दावा लागला, कौले सरकली, चौकात रुई आणि घाणेरी माजली, की दोनचार पावसाळ्यांत तेथे पांढऱ्या लुगड्यातली एखादी बाई फिरू लागते. ही बाई पाहिलेली कोणी? विचारावे तर पाहणारा नेहमी शेजारच्या गावचा निघतो, आणि बहुधा तो वारलेला असतो. आता मात्र तिचे छायाचित्रही मिळू लागले आहे, आणि ते दाखवणारा मनुष्य चांगला जिवंत असतो. ऐकीव गोष्टीला आपण हसून सोडून देतो. छायाचित्र समोर आले की भले भले गप्प बसतात. म्हणून असे चित्र तयार कसे होते आणि तयार झाल्यावर ते काय करते, हे नीट पाहिले पाहिजे. आम्हांला ते पाहावे लागले, कारण असे एक चित्र आमच्याच हातून घडले.

दोन वर्षांपूर्वी मार्गशीर्षात आम्ही चौघे हौशी छायाचित्रकार सातारा जिल्ह्यातील एका गावी ओसाड वाड्याची चित्रे घेण्यास गेलो होतो. वाडा दोन चौकी, लाकूडकाम सागवानी. मागल्या चौकाचे छप्पर बसलेले. मालकीणबाई पुण्यास लेकाकडे असतात. आमच्यापैकी एकाच्या त्या दूरच्या नात्यातल्या, म्हणून आम्ही सारेच त्यांना काकू म्हणतो. परवानगी मागितली तेव्हा त्या म्हणाल्या, ‘जा की. फक्त मधल्या जिन्यावर पाय देऊ नका, वाळवीनं खाल्लाय तो.’ ज्या घरात त्या नांदल्या त्या घराबद्दल त्यांनी बजावले ते वाळवीविषयी, भुताविषयी नव्हे. हे आमच्या तेव्हाच ध्यानात यायला हवे होते.

दिवस मावळल्यावर आम्ही तिपाईवर कॅमेरा लावला आणि शटर तीस सेकंद उघडे ठेवले. आमच्यातला एकजण पांढरा झब्बा घालून चौकात भिंगाचे हरवलेले झाकण शोधत होता. ओसरीच्या खांबापाशी तो दहाएक सेकंद वाकून उभा राहिला आणि निघून गेला. चित्र पाहतो तो खांबापाशी एक पांढरट, वाकलेली आकृती, आणि तिच्या पोटातून मागचा कोनाडा स्वच्छ दिसतो आहे!

याचे गणित सोपे आहे. कॅमेरा क्षण टिपतो असे आपण म्हणतो खरे, पण तो टिपतो प्रकाशाची बेरीज. तीस सेकंदांपैकी वीस सेकंद त्या जागेवरून भिंतीचा प्रकाश आला आणि दहा सेकंद झब्ब्याचा. दोन्ही एकाच चित्रात साठले. झब्बा भिंतीपेक्षा उजळ, म्हणून एक तृतीयांश वेळातही त्याने आपली खूण ठेवली. चेहरा झब्ब्याहून गडद, शिवाय सारखा हलता, म्हणून भुताला तोंड नाही. तो खांबापाशी आला कसा आणि गेला कसा याची मात्र चित्रात खूणसुद्धा नाही, कारण वाटेतल्या कोणत्याही एका जागी तो अर्ध्या सेकंदाहून अधिक नव्हता. येणे नाही, जाणे नाही, नुसतेच असणे. भुताची लक्षणे याहून वेगळी ती काय सांगतात?

ज्यांच्याकडे तिपाई नाही त्यांनी निर्धास्त राहू नये. अंधारात चित्र घेताना आजचा मोबाइल बहुधा एक चित्र घेत नाही. थोड्या वेळात बरीच चित्रे घेऊन ती एकावर एक बसवतो. मधे कोणी हलले तर त्याचे अर्धे अंग उरते, कधी पायच नाहीसे होतात. आणि ते प्रकाशाचे तरंगते गोळे! पडक्या घराच्या चित्रांत ते हटकून असतात. तेथे धूळ भरपूर, आणि लहान कॅमेऱ्यात दिवा भिंगाच्या अगदी लगत असतो. भिंगापासून वीतभर अंतरावरच्या कणावर त्या दिव्याचा प्रकाश समोरच्या भिंतीच्या मानाने शेकडो पटींनी अधिक पडतो, कारण अंतर दुप्पट झाले की प्रकाश चौथाई होतो. इतक्या जवळचा कण भिंगाला स्पष्ट करता येत नाही, म्हणून तो पसरून वाटोळा होतो. आम्ही त्याच चौकात एक जुनी सतरंजी झटकली आणि शंभरएक आत्मे एका दमात बोलावले.

ही विद्या नवी नाही. 1838 साली दागेर या फ्रेंच गृहस्थाने पॅरिसच्या एका वर्दळीच्या रस्त्याचे चित्र घेतले. प्रकाश घ्यायला कित्येक मिनिटे लागत, त्यामुळे चालती माणसे आणि गाड्या पार पुसल्या गेल्या. बुटांना पॉलिश करून घेण्यासाठी एक मनुष्य जागेवर उभा होता, तेवढा उमटला. म्हणजे जित्या माणसांना नाहीसे करण्याचे काम कॅमेऱ्याने जन्मताच केले आहे. पुढे 1856 साली डेव्हिड ब्रूस्टर या शास्त्रज्ञाने आपल्या पुस्तकात करमणूक म्हणून सांगून ठेवले, की बसलेल्या मंडळींमध्ये एकाने थोडा वेळ उभे राहून निघून जावे, म्हणजे त्याची पारदर्शक आकृती उमटते. ब्रूस्टरची करमणूक मम्लर नावाच्या अमेरिकन माणसाने धंदा केली. मेलेल्या मुलांच्या आणि नवऱ्यांच्या आकृत्या गिऱ्हाइकांच्या पाठीशी उमटवून तो भरपूर पैसे घेई. 1869 मध्ये न्यूयॉर्कला त्याच्यावर खटला झाला, सर्कशीमुळे पुढे जगभर नाव झालेल्या बार्नमने त्याच्याविरुद्ध साक्ष दिली, तरी तो सुटला. फसवणूक झाली हे दिसत होते. नेमकी कोणत्या युक्तीने, हे सिद्ध होईना.

पण आम्हांला अधिक विचार करायला लावला तो इंग्लंडमधील बॉर्ली गावच्या घराने. एसेक्स परगण्यातले हे पाद्रीसाहेबांचे निवासस्थान, लाल विटांचे, 1863 च्या सुमारास रेव्हरंड बुल यांनी बांधलेले. त्यांना चौदा मुले. घर त्या मानाने वाढत गेले. बागेतून एक जोगीण फिरते, पूर्वी या जागी मठ होता, तिला जिवंत भिंतीत चिणले, अशी कथा रुजली. तेथे असा मठ असल्याचा पुरावा पुढे शोधूनही मिळाला नाही.

1928 साली तेथे स्मिथ नावाचे पाद्री आणि त्यांची पत्नी राहण्यास आली. हे जोडपे हिंदुस्थानातून गेलेले. घर थंडगार, मोडकळीस आलेले, आणि भुताच्या बोलण्यामुळे गावकरी यायला कचरत. ही अफवा कोणीतरी जाणत्याने येऊन मिटवावी, म्हणून 1929 मध्ये त्यांनी ‘डेली मिरर’ या वृत्तपत्राला पत्र लिहून असे संशोधन करणाऱ्या संस्थेची माहिती मागितली. वृत्तपत्राने माहितीऐवजी बातमीदार पाठवला आणि पाठोपाठ हॅरी प्राइस हे भूतसंशोधक आले. मग बघ्यांची अशी रीघ लागली, की स्मिथ दांपत्याने काही आठवड्यांतच घर सोडले. अफवा विझवायला बोलावलेल्यांनी तिच्यावर तेल ओतले. या बाईंनी पुढे जाहीरपणे लिहिले, की त्या घराला झपाटले होते ते उंदरांनी आणि गावच्या समजुतींनी. पण तोवर ते ऐकतो कोण?

हे प्राइस मोठे विलक्षण गृहस्थ. 1922 साली विल्यम होप या मृतात्म्यांची चित्रे काढणाऱ्या इसमाची लबाडी त्यांनीच उघडी पाडली होती. छायाचित्राच्या काचांवर त्यांनी आधीच गुप्त खुणा करून घेतल्या. होपने परत दिलेल्या काचेवर ती खूण नव्हती, म्हणजे काच बदललेली होती. याहून स्वच्छ परीक्षा सांगता येणार नाही. 1937 मध्ये याच प्राइस यांनी बॉर्लीचे रिकामे घर वर्षभर भाड्याने घेतले, ‘टाइम्स’ मध्ये जाहिरात देऊन 48 निरीक्षक जमवले आणि प्रत्येकाच्या हाती एक सूचनापुस्तिका दिली. त्या पुस्तिकेत या घरात काय काय घडते असे म्हणतात, तेही छापले होते! काय दिसेल हे आधी सांगून मग पहाऱ्याला बसवलेल्या माणसाला रात्री दोन वाजता काय दिसणार?

फेब्रुवारी 1939 मध्ये दिवा उलटून घर जळाले. नव्या मालकाचा विम्याचा दावा कंपनीने खोटा ठरवला. 1944 च्या एप्रिलात उरलेल्या भिंती पाडण्याचे काम चालू असताना प्राइस पुन्हा तेथे गेले. बरोबर ‘लाइफ’ या अमेरिकन साप्ताहिकाचे छायाचित्रकार डेव्हिड शेरमन आणि त्याच साप्ताहिकाच्या एक बाई होत्या. शेरमन यांनी घेतलेल्या एका चित्रात दाराच्या काळ्या चौकटीपुढे एक वीट अधांतरी दिसते. प्राइस यांनी 1946 च्या आपल्या पुस्तकात ते चित्र दिले आणि सुचवले, की हा खरोखरच अलौकिक प्रकार असेल तर भुताने फेकलेल्या वस्तूचे हे पहिलेच छायाचित्र होय. या वाक्यातल्या ‘असेल तर’ कडे किती वाचकांचे लक्ष गेले असेल? प्राइस 1948 मध्ये वारले. 1956 साली डिंगवॉल, गोल्डनी आणि हॉल या तिघा संशोधकांनी सारे प्रकरण तपासून अहवाल प्रसिद्ध केला. त्यात त्या बाईंची साक्ष आहे: भिंतीआड एक कामगार विटा काढून फेकत होता आणि हे तेथे सर्वांना ठाऊक होते.

आम्हांला यातले मर्म वाटते ते असे. होपची काच खोटी होती. बॉर्लीचे चित्र अगदी खरे आहे. वीट खरी, दार खरे, कॅमेऱ्यात काही गडबड नाही. चौकटीबाहेर राहिला तो फक्त मजूर. खोटी काच गुप्त खुणेने पकडता येते. चौकटीबाहेर ठेवलेला मनुष्य पकडायला कोणती खूण करावी? प्राइस यांनी होपला लावलेली कसोटी स्वतःला लावली नाही, एवढेच म्हणून भागत नाही. ती कसोटी तेथे लागूच पडत नव्हती.

आणि आता आमची कबुली. त्या रात्रीचे चित्र आमच्यापैकी एकाने गंमत म्हणून ओळखीच्या मंडळींना मोबाइलवर पाठवले. खाली लिहिले, ‘वाड्यातली आजी.’ आठवड्याभरात ते गावात परत पोहोचले, तेव्हा त्याखाली आमच्या स्वप्नातही नव्हती अशी हकीकत जोडलेली होती. विहिरीत पडलेली सून, चिणलेले मूल, सगळे काही. पुण्याहून काकूंचा फोन आला. वाड्याचा पुढला सोपा दुरुस्त करून गावातल्या मुलांना अभ्यासिकेसाठी द्यावा, असे त्यांनी ठरवले होते, पंचायतीशी बोलणेही झाले होते. आता आयाबाया म्हणत होत्या, दिवेलागणीनंतर आमची मुले तेथे पाठवणार नाही. काकू रागावल्या नाहीत. त्या इतकेच म्हणाल्या, ‘अहो, त्या वाड्यात विहीरच नाही. आणि सून म्हणाल तर मीच एकटी.’

आम्ही खुलासा लिहून पाठवला. तो कोणी पुढे पाठवला नाही. शेवटी काकूंना घेऊन आम्ही पुन्हा गावी गेलो, मुलांना चौकात जमवले आणि संध्याकाळी त्याच जागी तिपाई उभी केली. ज्याचा झब्बा होता त्याने तो पुन्हा घातला आणि खांबापाशी वाकून दाखवले. मग मुलांनी आपापली भुते करून घेतली. पहिल्या दोघांना ढकलावे लागले. तिसऱ्यानंतर नंबरावरून भांडणे लागली. एका मुलीने तीस सेकंदांत तीन खांबांपाशी दहा दहा सेकंद उभे राहून आपली तीन भुते केली, जे आम्हांलाही सुचले नव्हते. काकू ओसरीवर बसून माजघराच्या चौकटीवरच्या पेन्सिलीच्या रेघा कोणाकोणाच्या उंचीच्या आहेत ते सांगत होत्या.

दिंडीदरवाजाशी चारदोन म्हातारी माणसे उभी होती. ती आत आली नाहीत. अभ्यासिका अजून सुरू व्हायची आहे. काकूंचा निरोप असा, की आधी जिना काढायचा, मग विजेची जोडणी घ्यायची.