फाटकावरच्या दिव्यापासून गव्हर्नरच्या खुर्चीपर्यंत: चार मुलांची आई मॅडलीन कुनिन राज्याची प्रमुख कशी झाली?

गावातली एखादी बाई रस्त्यासाठी, शाळेसाठी किंवा पाण्यासाठी कार्यालयात चार चकरा मारते. काम होतं, लोक कौतुक करतात आणि विषय तिथंच संपतो. अमेरिकेतल्या व्हर्मोंट या छोट्या राज्यात एका बाईच्या बाबतीत तो विषय संपला नाही. मुलांच्या शाळेच्या वाटेवर रेल्वे क्रॉसिंग होतं आणि तिथं इशारा देणारा दिवा नव्हता. तो बसावा म्हणून मॅडलीन कुनिन यांनी पाठपुरावा केला. पुढे त्या आमदार झाल्या आणि १९८५ मध्ये थेट राज्याच्या प्रमुख.

व्हर्मोंटच्या त्या पहिल्या महिला गव्हर्नर. अमेरिकेत गव्हर्नर झालेल्या पहिल्या ज्यू महिलाही त्याच. इथं एक लक्षात घ्या, अमेरिकेतला गव्हर्नर म्हणजे आपल्याकडचे राज्यपाल नव्हेत. तिथं गव्हर्नरला लोक थेट मतदानाने निवडतात आणि राज्याचा कारभार तोच चालवतो. म्हणजे अधिकार आपल्या मुख्यमंत्र्यासारखे.

युरोप सोडून अमेरिकेत का यावं लागलं?

मॅडलीन यांचा जन्म १९३३ सालचा, स्वित्झर्लंडमधल्या झुरिच शहरातला. घर ज्यू धर्माचं. ज्यू म्हटलं की आपल्याकडच्या अनेकांना कोकणातले बेने इस्राएल आठवतील. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून रायगडच्या गावांमध्ये त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. त्याच धर्माच्या लोकांवर युरोपात मात्र तेव्हा वेगळीच वेळ आली होती. जर्मनीत हिटलरची सत्ता आली आणि ज्यूंचा छळ सुरू झाला. पुढे लाखो ज्यू मारले गेले.

मॅडलीन तीन वर्षांच्याही नव्हत्या तेव्हा वडील वारले. आई रेने यांच्यावर दोन मुलांची जबाबदारी आली. स्वित्झर्लंड युद्धात नव्हता, पण जर्मन सैन्य कधी घुसेल याचा भरवसा नव्हता. १९४० मध्ये रेने यांनी मुलगा एडगर आणि मुलगी मॅडलीन यांना घेऊन बोटीने न्यूयॉर्क गाठलं. नवा देश आणि नवी भाषा, घरात कमावता पुरुष नाही.

आपण वाचलो, पण आपले अनेक लोक वाचले नाहीत, ही जाणीव मॅडलीन यांच्या मनात कायम राहिली. अन्याय दिसत असताना लोक गप्प बसले की काय होतं, हे त्यांच्या पिढीने पाहिलं होतं. राजकारणात उतरण्याचं बळ त्यातूनही मिळालं, असं त्यांनी पुढे आपल्या लिखाणात सांगितलं आहे.

पत्रकार व्हायचं होतं, पण...

मॅडलीन यांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून पत्रकारितेची पदवी घेतली. नोकरी शोधायला निघाल्या तेव्हा खरी परिस्थिती कळली. एका मोठ्या वृत्तपत्राने वार्ताहराची जागा दिली नाही, उलट कॅन्टीनमधलं काम देऊ केलं, असं त्यांनी नंतर सांगितलं. शेवटी व्हर्मोंटमधल्या बर्लिंग्टन शहरातल्या स्थानिक वृत्तपत्रात काम मिळालं. तिथंच डॉक्टर असलेल्या आर्थर कुनिन यांच्याशी लग्न झालं. चार मुलं झाली आणि काही वर्षं घरसंसारात गेली.

त्याच काळात रेल्वे क्रॉसिंगचा प्रश्न आला. मुलं रोज ते क्रॉसिंग ओलांडून शाळेत जायची. कुनिन यांनी शेजारच्या पालकांना सोबत घेतलं आणि अधिकाऱ्यांकडे मागणी लावून धरली. शेवटी दिवा बसला. काम तसं छोटंच. पण लोक एकत्र आले आणि नेमकी मागणी सोडली नाही तर यंत्रणा हलते, हे त्यांना यातून समजलं.

पहिली निवडणूक हरल्या, मग आमदार झाल्या

१९७२ मध्ये त्यांनी आधी बर्लिंग्टनच्या नगरपालिकेची निवडणूक लढवली. थोडक्या मतांनी पडल्या. पण घरी बसल्या नाहीत. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राज्याच्या विधानसभेला उभ्या राहिल्या आणि निवडून आल्या.

व्हर्मोंटची विधानसभा समजून घेण्यासारखी आहे. राज्याची लोकसंख्या तेव्हा जेमतेम पाच लाखांच्या घरात, म्हणजे आपल्याकडच्या एक-दोन मोठ्या तालुक्यांएवढी. पण आमदार १५०. दर दोन वर्षांनी निवडणूक. अधिवेशन वर्षातले काही महिनेच चालतं, त्यामुळे आमदारांत शेतकरी, शिक्षक, दुकानदार असे आपापला धंदा सांभाळणारे लोक असतात. गावपातळीवर मार्च महिन्यात ‘टाउन मीटिंग’ भरते. आपली ग्रामसभा असते तशीच. गावकरी जमतात आणि गावच्या खर्चावर हात वर करून मत देतात.

कुनिन सलग तीन वेळा आमदार झाल्या. दुसऱ्या टर्ममध्ये पक्षाच्या प्रतोद आणि तिसऱ्या टर्ममध्ये विनियोजन समितीच्या अध्यक्ष. ही समिती म्हणजे राज्याच्या तिजोरीची चावीच. कोणत्या खात्याला किती पैसा द्यायचा, कुठं कात्री लावायची, हे तिथं ठरतं. महिला आमदार म्हटलं की महिला-बालकल्याणाचा विषय द्यायचा, ही सवय अमेरिकेतही होती. कुनिन यांनी पैशांचा हिशोब हातात घेतला. कोणतीही योजना शेवटी अंदाजपत्रकात किती रक्कम पडते त्यावरच उभी राहते, हे त्यांनी इथं शिकून घेतलं आणि पुढे वापरलं.

त्यांचे भाऊ एडगर मे हेही पत्रकार. पत्रकारितेतला मानाचा पुलित्झर पुरस्कार त्यांना मिळाला होता. पुढे तेही व्हर्मोंटमध्ये आमदार झाले. आईचं बोट धरून बोटीतून उतरलेली दोन्ही मुलं एकाच राज्याच्या विधिमंडळात बसली.

गव्हर्नरपद कसं मिळालं?

१९७८ मध्ये कुनिन उपगव्हर्नर झाल्या. व्हर्मोंटमध्ये या पदासाठी वेगळं मतदान होतं, त्यामुळे गव्हर्नर एका पक्षाचा आणि उपगव्हर्नर दुसऱ्या पक्षाचा असं होऊ शकतं. तसंच झालं. गव्हर्नर रिचर्ड स्नेलिंग रिपब्लिकन पक्षाचे, तर कुनिन डेमोक्रॅटिक पक्षाच्या. १९८२ मध्ये त्या स्नेलिंग यांच्याविरुद्ध लढल्या आणि हरल्या. १९८४ मध्ये पुन्हा उभ्या राहिल्या आणि अगदी काठावर जिंकल्या.

जानेवारी १९८५ मध्ये शपथ घेताना त्यांनी हात ठेवला तो घरातल्या जुन्या ज्यू प्रार्थनापुस्तकांवर. आई आणि आजी-आजोबांच्या वेळची ती पुस्तकं होती. ज्यूंची संख्या अगदी कमी असलेल्या राज्यात त्यांनी आपली ओळख लपवली नाही.

१९८६ ची निवडणूक तर आणखी अटीतटीची. तिरंगी लढत झाली. तिसरे उमेदवार होते बर्नी सँडर्स, जे पुढे अमेरिकाभर गाजले. कुनिन यांना सर्वाधिक मतं मिळाली, पण निम्म्याहून जास्त नाहीत. व्हर्मोंटच्या राज्यघटनेनुसार अशा वेळी विधिमंडळ गुप्त मतदानाने गव्हर्नर निवडतं. तिथं कुनिन यांची निवड झाली. १९८८ मध्ये त्या तिसऱ्यांदा जिंकल्या.

सत्तेत राहून काय केलं?

पहिलं काम शेतजमीन आणि घरांचं. शहरातले पैसेवाले व्हर्मोंटमध्ये जमिनी घेऊ लागले होते. भाव वाढले, शेती तुटू लागली आणि स्थानिकांना घर परवडेना. १९८७ मध्ये राज्याने यासाठी खास निधी उभा केला. त्यातून परवडणारी घरं बांधायला मदत मिळू लागली. शेतकऱ्याला मोबदला देऊन त्याची जमीन कायम शेतीखाली ठेवायची सोयही झाली. जमीन शेतकऱ्याच्याच नावावर राहते, फक्त तिथं प्लॉट पाडता येत नाहीत.

दुसरं काम आरोग्याचं. १९८९ मध्ये ‘डॉक्टर डायनासोर’ नावाची योजना सुरू झाली. विमा नसलेली लहान मुलं आणि गरोदर महिलांना तिचा आधार मिळाला. पुढच्या सरकारांनी तिची व्याप्ती वाढवली.

तिसरं काम जमीन वापराच्या कायद्याचं. हेच सगळ्यात वादाचं ठरलं. १९८८ च्या ‘ॲक्ट २००’ या कायद्याने गावांनी विकासाचा आराखडा राज्याच्या धोरणाशी जुळवून करावा, असं ठरलं. आमच्या जमिनीचं काय करायचं ते राजधानीत बसलेल्यांनी का सांगावं, असा ग्रामीण भागातून सवाल आला. अनेक गावांनी टाउन मीटिंगमध्ये या कायद्याविरोधात मतं दिली. हेतू चांगला असला तरी गावाला विश्वासात घेतल्याशिवाय कायदा रुजत नाही, हे इथं दिसलं. १९९० मध्ये कुनिन पुन्हा निवडणुकीला उभ्या राहिल्या नाहीत.

आईचं नाव बँकेच्या यादीत

पुढे अध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या काळात त्या केंद्रात शिक्षण खात्याच्या उपमंत्री झाल्या. १९९६ मध्ये त्यांना अमेरिकेच्या राजदूत म्हणून स्वित्झर्लंडला पाठवण्यात आलं. ज्या देशातून लहानपणी निघून यावं लागलं, तिथंच त्या परतल्या.

तेव्हा स्विस बँकांचं प्रकरण पेटलं होतं. युद्धाआधी अनेक ज्यूंनी तिथल्या बँकांत पैसे ठेवले होते. खातेदार मारले गेले आणि वारसांना बँका दाद देईनात. दबाव वाढल्यावर १९९७ मध्ये बँकांनी पडून असलेल्या खात्यांची यादी छापली. त्या यादीत एक नाव होतं कुनिन यांच्या आईचं. जो प्रश्न राजदूत म्हणून हाताळायचा, तो त्यांच्या घरातलाच निघाला. १९९८ मध्ये स्विस बँकांनी १२५ कोटी डॉलर देऊन तडजोड मान्य केली.

यातून काय घ्यायचं?

निवृत्तीनंतर कुनिन यांनी राजकारणात येऊ पाहणाऱ्या महिलांना निवडणूक कशी लढवायची याचं प्रशिक्षण मिळावं यासाठी व्हर्मोंटमध्ये संस्था उभी करायला पुढाकार घेतला. आपल्याकडे पंचायतीत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. कुनिन यांच्या वेळी तिथं आरक्षण नव्हतं. त्या दोनदा पडल्या आणि दोन्ही वेळा पुन्हा उभ्या राहिल्या. पण जागा मिळणं आणि कारभार हाती येणं यात फरक आहे. कुनिन यांच्या हाती कारभार आला, कारण त्यांनी आधी एक ठोस प्रश्न तडीस नेला आणि नंतर पैसा कुठून येतो, कुठं जातो ते समजून घेतलं. सरपंचपदाची किंवा सदस्यपदाची पहिली टर्म करणाऱ्या ताईंनी सुरुवात इथूनच करायला हरकत नाही. ग्रामपंचायतीचं अंदाजपत्रक मागून घ्या, एकेक आकडा वाचा आणि जो कळला नाही तो ग्रामसभेत विचारा.