कॅप्चा: खोट्या खात्यांवरची जकात

करजगी हे कलबुर्गी जिल्ह्यातल्या अफजलपूर तालुक्यातलं, महाराष्ट्राच्या हद्दीजवळचं गाव. गाणगापूरही याच तालुक्यात. त्यामुळे या बाजूच्या गाड्यांना पुण्या-मुंबईत पोटासाठी गेलेल्यांची गर्दी असतेच, शिवाय दत्तभक्तांचीही असते. सणासुदीला गावी यायचं तर रेल्वेच्या तात्काळ तिकिटाचा आधार. एसी डब्यांसाठी सकाळी दहाला आणि साध्या स्लीपरसाठी अकराला खिडकी उघडते, आणि नेमक्या त्या क्षणी पडद्यावर वेडीवाकडी इंग्रजी अक्षरं उभी राहतात. हा शून्य की ओ? हा एक की एल? मोठं अक्षर लहान लिहिलं गेलं तर पुन्हा पहिल्यापासून, आणि तोवर जागा संपलेल्या असतात. हे कोडं प्रवाशाच्या भल्यासाठी आहे, दलालांची यंत्रं अडवण्यासाठी आहे, असं त्याला सांगितलं जातं. हे कोडं म्हणजेच कॅप्चा. खोटी खाती रोखणारा पहारेकरी म्हणून त्याने नाव कमावलं हे खरं. पण तो कुठे चालतो आणि कुठे नाही, हे नीट पाहायला हवं.

त्याचा जन्मच खोट्या नोंदणीच्या त्रासातून झाला. १९९७ मध्ये आल्टाविस्टा या शोधयंत्राकडे प्रोग्राम लावून ढिगाने फालतू वेब-पत्ते घुसवले जात होते. आंद्रेई ब्रोडर आणि सहकाऱ्यांनी चित्रातली वाकडी अक्षरं ओळखायची अट घातली आणि तो कचरा झपाट्याने घटला. पुढे याहूला हाच त्रास झाला. फुकटची खाती यंत्रं हजारोंनी उघडत आणि त्यांतून जाहिरातींचा मारा करत. यावर कार्नेगी मेलन विद्यापीठात मॅन्युएल ब्लम आणि त्यांचा विद्यार्थी लुईस फॉन आन यांनी काम केलं. कॅप्चा हे नाव तिथलंच, साल २०००. २००७ मध्ये फॉन आन यांनी रीकॅप्चा आणलं. लोक कोडं सोडवता सोडवता जुन्या छापील पानांतले, यंत्राला न वाचता आलेले शब्द वाचून देऊ लागले. २००९ मध्ये गूगलने ते विकत घेतलं. माणसाचा वाया जाणारा वेळ सत्कारणी लावणारी ही कल्पना आजही मला कॅप्चाच्या इतिहासातली सर्वांत देखणी वाटते.

पण कोड्यामागचं गृहीतक एकच होतं: माणसाला जमतं ते यंत्राला जमत नाही. ते कोसळलं. गूगलच्याच संशोधकांनी २०१४ मध्ये आपल्या यंत्राने सर्वांत अवघड वाकडी अक्षरं ९९.८ टक्के अचूक वाचल्याचं जाहीर केलं. २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइन विद्यापीठाने १,४०० लोकांकडून निरनिराळे कॅप्चा सोडवून घेतले, तेव्हा वाकड्या अक्षरांत माणसांची अचूकता ५० ते ८४ टक्क्यांत अडकली. शिवाय यंत्राचीही गरज नाही. पैसे देऊन माणसांकडून कोडी सोडवून घेण्याचा धंदा केव्हाचा चालू आहे. सॅन दिएगोच्या संशोधकांनी २०१० मध्ये तपासलं तेव्हा हजार कोड्यांचा दर एक डॉलरच्या आसपास होता.

हा आकडाच सगळं उलगडून दाखवतो. कॅप्चा म्हणजे जकात नाका आहे. नाक्यावरून जाणाऱ्याला किती फायदा आहे, यावर जकात टोचते की नाही ते ठरतं. ज्याला एका खोट्या नोंदणीतून पैशाच्या अंशाएवढंच मिळतं, त्याला हजारी एक डॉलरही परवडत नाही, म्हणून साध्या वर्गणीच्या किंवा चौकशीच्या अर्जावर कॅप्चा अजून उपयोगी पडतो. तात्काळच्या एका तिकिटामागे दलाल शेकडो रुपये कमावतो. त्याला या जकातीचं काय? रेल्वेने जून २०२५ मध्ये सांगितलेले आकडे हेच बोलतात. खिडकी उघडल्यावर पहिल्या पाच मिनिटांत लॉगिनच्या प्रयत्नांपैकी पन्नास टक्क्यांपर्यंत प्रयत्न यंत्रांचे होते, अडीच कोटींवर संशयास्पद खाती बंद करावी लागली, आणि वापरून फेकायच्या ई-मेल पत्त्यांची हजारो डोमेन अडवावी लागली. कॅप्चा या सगळ्या काळात जागेवरच होता.

यावर म्हणतील, तो नसता तर पूर आणखी मोठा आला असता. मान्य. पण ही जकात सगळ्यांवर सारखी बसत नाही. करजगीसारख्या गावात शाळेत कन्नड किंवा मराठी शिकलेल्या, कर्नाटकातला पहाणी उतारा आणि महाराष्ट्रातला सातबारा दोन्ही पाहावे लागणाऱ्या शेतकऱ्याला रोमन अक्षरांची वेडीवाकडी परीक्षा द्यावी लागते. माणूस असल्याचा पुरावा म्हणून त्याच्याकडून इंग्रजी लिपी मागितली जाते. मग तो सेवा केंद्रात जाऊन दुसऱ्याकडून काम करून घेतो आणि वर पैसे मोजतो. अंध वापरकर्त्याची अडचण तर याहून मोठी. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने २००५ पासून ती लेखी मांडली आहे. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क घटनेच्या कलम २१ मध्ये बसतो असं म्हटल्यावर, ही अडचण सोयीच्या खात्यात टाकून मोकळं होता येणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. कॅप्चा काढला तर त्याच्या जागी ओळखपत्र येतं. १ जुलै २०२५ पासून ऑनलाइन तात्काळसाठी आधार-पडताळणी लागू झाली, म्हणजे कोड्याच्या जोडीला माणसाची माहितीही मागितली गेली. टंचाईच्या तिकिटाला ते एकवेळ समजू शकतं. साध्या नोंदणीला मात्र ते मुळीच लागत नाही. तिथे दिलेल्या पत्त्यावर दुवा पाठवून, तो दाबल्यावरच नोंद पक्की करण्याची जुनी रीत पुरते. यंत्रं भाबडेपणाने भरतात असा एक अदृश्य रकाना अर्जात ठेवता येतो. एकाच ठिकाणाहून मिनिटाला शंभर अर्ज आले तर त्यालाच थांबवता येतं. या तिन्ही उपायांत माणसाला काही वाचून दाखवावं लागत नाही.

म्हणून अर्ज तयार करणाऱ्यांना, विशेषतः सरकारी संकेतस्थळं सांभाळणाऱ्यांना, एवढीच विनंती: कोडं शेवटी ठेवा, संशय आला तरच दाखवा, आणि दाखवलंच तर ज्या भाषेत पान आहे त्याच लिपीत दाखवा.